व्यायामसाधनांच्या प्रदर्शनातील दालन : उभारणी आणि मनुष्यबळ

जाम (जि. वर्धा) : नागपूरहून हैदराबादकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४४ ला वर्धा आणि चंद्रपूरकडील रस्ते जेथे मिळतात, ते समुद्रपूर तालुक्यातील जाम हे गाव बहुतेक शहरी प्रवाशांना निव्वळ चौरस्ता म्हणून ठाऊक असते. क्रीडासाहित्याच्या उत्पादनाचे मोठे केंद्र असलेले जालंधर याच महामार्गावर आहे आणि हैदराबादचे ‘हायटेक्स’ हे प्रदर्शन संकुलही याच मार्गाने गाठता येते. उत्तरेकडून दक्षिणेतील प्रदर्शनाला निघालेल्या ट्रेडमिलचा सरळ रस्ता त्यामुळे जामवरूनच जातो. नागपूरहून मुंबईकडे जाणारा माल मात्र समृद्धी महामार्गाकडे वळतो.

शरीरसौष्ठव आणि व्यायामसाधनांची प्रदर्शने ही तशी अलीकडची गोष्ट. जर्मनीतील कोलोन येथे ‘फिबो’ १९८५ मध्ये सुरू झाले, तर अमेरिकेतील कोलंबस येथील ‘अर्नोल्ड क्लासिक’ ही स्पर्धा १९८९ मध्ये. तिच्या आधाराने तेथील प्रदर्शन वाढले. मुंबईत २०११ साली झालेल्या ‘शेरू क्लासिक’मध्ये फिल हीथसारखे जागतिक दर्जाचे शरीरसौष्ठवपटू उतरले आणि स्पर्धेला जोडून बाजारपेठ उभी करण्याची ही पद्धत येथील प्रेक्षकांनाही परिचयाची झाली. विदर्भाला प्रात्यक्षिकांची परंपरा त्याहून कितीतरी जुनी आहे. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ मध्ये बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी कबड्डीसह भारतीय व्यायामप्रकार दाखविले होते. त्यांना ना दालन लागले ना फलक.

माल निघण्यापूर्वी

प्रदर्शनासाठी नेलेला माल विकलेला नसतो, त्यामुळे तो बीजकावर नव्हे, तर ‘डिलिव्हरी चलना’वर पाठविला जातो. आंतरराज्य वाहतुकीत मालाची किंमत ५० हजार रुपयांहून अधिक असल्यास ई-वे बिल लागते आणि त्याची मुदत साधारणतः दर २०० किलोमीटरमागे एक दिवस अशी असते. खरी अडचण येते ती परराज्यातील दालनात विक्री करावयाची असल्यास. तेथे कायमची नोंदणी नसलेल्या कंपनीला वस्तू व सेवा कर कायद्यानुसार ‘कॅज्युअल टॅक्सेबल पर्सन’ म्हणून तात्पुरती नोंदणी घ्यावी लागते. त्यासाठी व्यवसाय सुरू करण्याच्या किमान पाच दिवस आधी अर्ज करावा लागतो, अंदाजित कर आगाऊ भरावा लागतो आणि ही नोंदणी एका वेळी जास्तीत जास्त ९० दिवस चालते. वर्ध्याचा उत्पादक मुंबईला गेला तर यातले काहीच लागत नाही. जामवरून दक्षिणेला वळून तेलंगणात गेला तर लागते. लहान कंपन्या नेमक्या येथेच अडखळतात, कारण दालनाचा रंग ठरविण्यात जो वेळ जातो, तो हिशेबनिसाला विचारण्यात जात नाही.

जागा आणि उभारणी

आयोजक जागा दोन प्रकारे देतात. ‘शेल स्कीम’मध्ये ॲल्युमिनियमच्या खांबांत बसविलेले पांढरे पडदे, नावाची पाटी, गालिचा, टेबल, खुर्च्या आणि मोजके दिवे तयार मिळतात. सर्वांत लहान दालन बहुधा तीन बाय तीन मीटरचे, म्हणजे नऊ चौरस मीटरचे असते. ‘रॉ स्पेस’मध्ये केवळ खडूने आखलेली जमीन हाती येते, बाकी सारे कंपनीने नेमलेल्या फॅब्रिकेटरचे काम. एक, दोन, तीन की चारही बाजूंनी खुली, यावर जागेचा दर बदलतो. कोपऱ्याच्या जागेसाठी जादा पैसे मोजणे व्यायामसाधनांच्या बाबतीत सहसा वाया जात नाही. चालू यंत्रावर धावणारा माणूस दोन वाटांवरून दिसला, तर गर्दी आपोआप थबकते.

व्यायामसाधनांचे दालन आणि पुस्तकांचे दालन यांत मूलभूत फरक वजनाचा आहे. व्यायामशाळेसाठीच्या एका ट्रेडमिलचे वजन दीडशे ते दोनशे किलोच्या घरात जाते आणि त्यावर धावणाऱ्याचे धक्के वेगळेच. विजेच्या तारा लपविण्यासाठी जमिनीपासून चार इंच उंच फळ्यांचा चौथरा घालण्याची प्रथा आहे. तो नेहमीच्या अंतराने आडव्या पट्ट्या ठोकून केला, तर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत प्लायवूड खचते. म्हणून यंत्रांच्या जागा नकाशावर आधी पक्क्या करून तेथे पट्ट्या दाट घ्याव्या लागतात. प्रत्येक ट्रेडमिलला वेगळी १५ वा १६ अँपिअरची जोडणी, योग्य अर्थिंग आणि गळती होताच वीज तोडणारा स्विच असावा. विजेचा भार किलोवॅटमध्ये आधीच नोंदवावा लागतो. ऐनवेळी मागितलेली वीज महाग पडते. शेजारच्या दालनातून तार ओढण्याचा मार्ग तर पूर्णतः धोक्याचा.

मुंबईत गोरेगावच्या नेस्को मैदानासारख्या संकुलात काय किंवा अन्यत्र काय, उभारणीला एक-दोन दिवसच मिळतात आणि प्रत्यक्षात काम रात्रीच चालते. अनुभवी फॅब्रिकेटर सांगाडा कारखान्यातच पूर्ण करून, क्रमांक घालून, सुटा आणतात. जागेवर फक्त जोडणी आणि रंगाचा शेवटचा हात. करवत आणि भुसा जागेवर आणणाऱ्याची रात्र लांबते. अशा वेळी सुतार अनवाणी, रंगारी शिडीच्या शेवटच्या पायरीवर आणि वायरमन उघड्या तारांजवळ, हे दृश्य सर्रास दिसते. कामगारांचे बूट, हेल्मेट आणि विमा यांची अट कंपनीने करारात घालून घेतली पाहिजे. अपघातानंतर फॅब्रिकेटर उपकंत्राटदाराकडे आणि उपकंत्राटदार मुकादमाकडे बोट दाखवितो, मुकादम तर त्या वेळी तेथे नसतोच.

दालनात कोण उभे राहणार?

खुल्या जागेच्या सुमारे ५० चौरस फुटांमागे एक माणूस, असा या व्यवसायातील ढोबळ हिशेब आहे. नऊ चौरस मीटरचे दालन शंभर चौरस फुटांहूनही थोडे कमी असते. त्यातील निम्मी जागा यंत्रांनी व्यापली, तर एका वेळी एक, फार तर दोन माणसे पुरेत. चौथा माणूस आला की तो ग्राहकाचीच जागा अडवितो. मात्र सकाळी दहा ते रात्री आठ उभे राहणे एकाच जोडीकडून होणे नाही. पाळ्या लावाव्यातच, आणि जेवणाची सुटी कागदावर नको, घड्याळावर हवी.

रोजंदारीवर आणलेली ‘प्रमोटर’ मुले-मुली, पिळदार दंडांचा शरीरसौष्ठवपटू आणि कंपनीचा विक्रेता हे तिघे वेगवेगळी कामे करतात, याचे भान ठेवले जात नाही. पहिला लोकांना थांबवितो, दुसरा फोटोपुरता असतो, उत्तरे देणारा तिसराच. यंत्रावर चढू पाहणाऱ्याला हृदयविकार, रक्तदाब, गुडघेदुखी आहे का, हे विचारणारा चौथा माणूस बहुधा नसतो. ट्रेडमिलची सुरक्षा क्लिप कपड्यांना अडकविल्याविना पट्टा सुरू करू नये आणि शरीरातील चरबी मोजणाऱ्या विजेच्या यंत्रावर पेसमेकर असलेल्यास उभे करू नये. महिलांसाठी प्रशिक्षिका असावी.

प्रथिनांच्या पावडरीचे दालन असेल, तर जबाबदारी अधिकच वाढते. पेल्यात ढवळून दिलेला नमुना हेही अन्नच. त्याला अन्न सुरक्षा कायदा २००६ लागू होतो. दुधाची वा सोयाची ॲलर्जी असणाऱ्यास त्यातील घटक दिसले पाहिजेत. ‘महिन्यात दहा किलो घटवा’, ‘मधुमेह बरा होतो’ असे दालनात मोठ्याने सांगितले जाते, फलकावर छापलेही जाते. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी या कायद्याच्या कलम ५३ नुसार दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. औषधे व जादूटोणासदृश उपायांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धचा १९५४ चा कायदा मधुमेहासारख्या ठरावीक रोगांबाबतचे असे दावे रोखतो. रोजंदारीवरील मुलाला हे कोणी सांगितलेले नसते. त्याला दोन दिवस आधी तासभर बसवून काय बोलायचे आणि काय नाही, हे लिहून द्यायला काही खर्च येत नाही. समोर उभा असतो तो बहुधा एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा, आणि विकणाऱ्याचा शब्द त्याला डॉक्टरच्या शब्दाइतका वाटतो.

जागेचे भाडे हे एकूण खर्चाच्या साधारणतः तिसऱ्या हिश्श्याइतकेच असते, असा अनुभवी प्रदर्शकांचा आडाखा आहे. सूक्ष्म व लघु उद्योगांना केंद्राच्या खरेदी व विपणन साहाय्य योजनेतून पात्र प्रदर्शनांतील भाड्याचा काही भाग परत मिळू शकतो. पण अर्ज आधी करावा लागतो. उरलेला मोठा खर्च उभारणी, वाहतूक, निवास आणि माणसांवर होतो. त्याची वसुली चौकशीच्या वहीतून व्हायची असते. त्या वहीत नाव आणि भ्रमणध्वनी लिहून घेताना तो कशासाठी वापरणार, हे सांगावे. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला असून त्याचे नियमही २०२५ मध्ये अधिसूचित झाले आहेत.

शेवटच्या संध्याकाळी गर्दी ओसरण्याआधीच पडदे उतरू लागतात. डंबेल, मोबाइल, टीव्ही हरवतात ते याच दोन तासांत. गेटपासवरील यादी आणि ट्रकमधील माल जुळेपर्यंत कंपनीचा एक जबाबदार माणूस दालन सोडून जाता कामा नये, आणि तो तीन दिवस सतत उभा राहिलेला नसावा.