मोटारीतला चौकोनी कप्पा

जुन्या मोटारीतला स्टिरिओ आपला आपण बदलता येतो, याचे आपल्याला काही वाटत नाही. पण या सोयीमागे मोठा इतिहास आहे बरं का!

१९३० साली अमेरिकेत गॅल्विन बंधूंनी मोटारीचा रेडिओ आणला. ‘मोटोरोला’ हे नाव त्यातूनच आले. किंमत ११० ते १३० डॉलर! शिवाय तो बसवायला अर्धी गाडी उघडावी लागे. सामान्य माणसाचे ते काम नव्हते.

चित्र पालटले ते एका मापाने. जर्मनीत ‘डिन’ नावाचे मानक ठरले आणि १९८४ साली ते आंतरराष्ट्रीय झाले. कप्पा १८२ मिलिमीटर रुंद, ५३ मिलिमीटर उंच. कॅसेट गेली, सीडी आली, यूएसबी आली. कप्पा तोच राहिला. बाजारातल्या स्टिरिओंच्या तारांचेही रंग ठरून गेले. पिवळी कायम विजेची, लाल किल्लीबरोबर चालू होणारी, काळी अर्थिंगची. गाडीतल्या तारांचे रंग मात्र निराळे असू शकतात. त्या आधी मीटरने ओळखाव्यात आणि बॅटरीची निगेटिव्ह तार काढूनच जोडणी करावी.

आता अनेक नव्या गाड्यांत गाणी, एसी, मागचा कॅमेरा सारे एकाच पडद्यात असते. तो बिघडला की स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बसण्यात अर्थ नाही. एका मापाने दुरुस्ती आपल्या हाती दिली होती, ती पुन्हा कंपनीकडे चालली आहे. तुमच्या जुन्या गाडीत तो कप्पा असेल तर जपा.

असो.