दर रविवारी राजगड, तरी पोट तसंच: पोटाचा घेर नेमका कशाने कमी होतो?

पुणे-सातारा महामार्गावरून नसरापूर फाट्याला वळलं, मार्गासनी मागे टाकून साखरच्या बाजूने आत गेलं की गुंजवणे लागतं. राजगडाच्या पायथ्याचं हे गाव. शनिवार-रविवारी इथे पहाटेपासून पुण्या-मुंबईच्या गाड्या लागतात आणि चोर दरवाजाच्या वाटेने माणसांची रांग वर सरकू लागते. त्यात आठवडाभर खुर्चीत बसून काम करणारे अनेक जण असतात. घाम निथळतो, मांड्या भरून येतात, फोटो पडतात. दोन-तीन महिने नेमाने गड चढूनही पँटचं बटण मात्र पूर्वीइतकंच घट्ट बसतं.

मग चूक कुठे होते? गड चढणं चांगलंच आहे. पण पोट कमी होण्याचा हिशेब आठवड्यातल्या एका दिवसावर चालत नाही.

एका चढाईत किती चरबी जळते?

गुंजवण्यातून पद्मावती माचीपर्यंत साधारण ६०० मीटरची चढाई धरू. ७५ किलोच्या माणसाला स्वतःचं वजन तेवढं वर न्यायला भौतिकशास्त्राच्या हिशेबाने सुमारे १०५ कॅलरी पुरतात. पण शरीराचं इंजिन सगळी ऊर्जा कामाला लावत नाही. साधारण पाव हिस्सा काम होतं आणि बाकीची उष्णता होऊन जाते. म्हणजे चढाईच्या सुमारे ४२० कॅलरी झाल्या. त्यात सपाटीवरचं चालणं, गडावरची फिरती आणि उतरणं मिळवलं तर दिवसाला ७०० ते ९०० कॅलरी होतात.

शरीरातली एक किलो चरबी म्हणजे अंदाजे ७,७०० कॅलरींचा साठा. तेव्हा एक किलो चरबी जाळायला नऊ-दहा वेळा राजगड चढावा लागेल, तोही त्या बदल्यात काहीही जास्तीचं न खाता. प्रत्यक्षात काय होतं? उतरल्यावर दोन वडापाव आणि एक थंड पेय पोटात जातं. एक वडापाव साधारण ३०० कॅलरींचा आणि छोट्या बाटलीतलं गोड पेय १३० च्या आसपास. म्हणजे सकाळभराची कमाई गाडीत बसायच्या आत परत आली. महामार्गावरची मिसळ अजून बाकीच आहे.

घरी आल्यावर काट्यावर एक किलो कमी दिसलं तरी ते घामावाटे गेलेलं पाणी असतं. दुसऱ्या दिवशी ते परत येतं.

पोटाचे व्यायाम केले तर?

"रोज १०० क्रंचेस मारा, महिन्यात पोट सपाट" असे व्हिडिओ मोबाईलवर सतत येतात. पण स्नायू शेजारच्या चरबीवर चालत नाहीत. शरीर चरबी वितळवून रक्तात सोडतं आणि तिथून ती सगळ्या स्नायूंना मिळते. आधी कुठली चरबी जाणार हे ठरतं आनुवंशिकता, लिंग, वय आणि हार्मोन्स यांवरून.

अमेरिकेत २०११ साली २४ जणांवर झालेला एक छोटा अभ्यास याच प्रश्नावर होता. एका गटाने सहा आठवडे, आठवड्यातून पाच दिवस पोटाचे सात व्यायाम केले. त्यांच्या पोटाच्या स्नायूंचा दम वाढला, पण पोटावरची चरबी कमी झाली नाही. पोट आवळणारे पट्टे आणि घाम आणणारे जॅकेट यांचाही चरबीवर काही परिणाम होत नाही.

बारीक माणसालाही पोट का सुटतं?

हा प्रश्न पुण्याशी जवळचा आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचं एक छायाचित्र 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २००४ साली छापून आलं. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या प्रमाणात वजन, अगदी सारखा होता: २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के निघाली. वजनकाट्याने दोघांना एकाच रांगेत बसवलं, आतलं चित्र मात्र वेगळं होतं.

याची मुळं जन्माआधीपर्यंत जातात. याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांमध्ये गरोदर बायका आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू केला. तिथल्या बाळांचं सरासरी वजन २.७ किलो होतं. इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. पुण्याची बाळं स्नायू आणि पोटातल्या अवयवांच्या मापात बरीच लहान होती, पण चरबी त्या मानाने टिकून होती. दिसायला बारीक, आत चरबी जास्त. म्हणून पोटाचा प्रश्न फक्त शहरातल्या लठ्ठ माणसांचा नाही. 'मी तर सडपातळ आहे' म्हणणाऱ्या गावाकडच्या तरुणालाही तो लागू होतो.

पोटावर चिमटीत धरता येते ती चरबी त्वचेखालची. जास्त त्रासदायक असते ती आतड्यांभोवती आणि यकृतात साठणारी. तिच्यामुळे इन्सुलिनचं काम बिघडतं आणि मधुमेह, वाढलेला रक्तदाब, फॅटी लिव्हर व हृदयविकार यांची शक्यता वाढते.

काट्यापेक्षा टेप महत्त्वाची

यासाठी शिंप्याची टेप पुरते. सरळ उभं राहून शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप गुंडाळावी, सहज श्वास सोडावा आणि माप घ्यावं. पोट आत ओढू नये. पँटचा नंबर हे माप नव्हे, कारण पँट बहुतेक वेळा पोटाखाली बांधलेली असते.

भारतीयांसाठी धोक्याची रेषा अशी:

- पुरुष: ९० सेंटीमीटर (साधारण साडेपस्तीस इंच)
- स्त्रिया: ८० सेंटीमीटर (साधारण साडेएकतीस इंच)
- बीएमआय: २३ च्या पुढे जास्त वजन, २५ च्या पुढे लठ्ठपणा

कंबरेचा घेर उंचीच्या निम्म्यापेक्षा कमी असावा, हा लक्षात ठेवायला सोपा नियम.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) पहिल्यांदाच देशभर कंबर मोजली गेली. त्या आकडेवारीनुसार भारतातल्या सुमारे ४० टक्के स्त्रिया आणि १२ टक्के पुरुष पोटाच्या लठ्ठपणात मोडतात. घरात सगळ्यांना वाढून उरलेलं संपवणारी बाई या आकड्यात आहे, पण व्यायामाला सुट्टीचा रविवार बहुतेक वेळा पुरुषालाच मिळतो.

दीक्षित की दिवेकर?

महाराष्ट्रात वजनाचा विषय निघाला की हा वाद येतोच. डॉ. जगन्नाथ दीक्षित यांची पद्धत डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारांवर उभी आहे: कडकडून भूक लागेल तेव्हा दिवसातून दोनदाच जेवायचं, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवायचं आणि ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायचं. आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर यांचं सांगणं उलट दिशेचं वाटतं: थोड्या थोड्या वेळाने खा, आपल्या भागातलं आणि हंगामातलं खा, भात-तुपाला घाबरू नका.

दोन्ही पद्धतींनी फरक पडलेले लोक भेटतात. त्याचं कारण दोन्हींत समान असलेल्या गोष्टींत सापडतं. दोन्हीकडे बिस्किटं, फरसाण, गोड पेयं आणि टीव्हीसमोरचं येता-जाता खाणं सुटतं, आणि शरीर हलायला लागतं.

खाण्याच्या वेळेवर चीनमध्ये झालेल्या आणि २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत १३९ लठ्ठ लोकांनी वर्षभर ठरावीक कमी कॅलरी खाल्ल्या. निम्म्यांनी ते जेवण दिवसातल्या आठ तासांतच संपवलं, बाकीच्यांनी वेळेचं बंधन पाळलं नाही. पहिल्या गटाचं सरासरी ८ किलो, दुसऱ्याचं ६.३ किलो वजन उतरलं. हा फरक ठोस मानण्याइतका मोठा नव्हता. घड्याळापेक्षा एकूण किती खाल्लं हे महत्त्वाचं ठरलं.

म्हणून वर्षानुवर्षं पाळता येईल ती पद्धत निवडावी. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असलेल्यांनी मात्र जेवणाच्या वेळा डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलू नयेत, कारण साखर एकदम खाली जाऊ शकते. गरोदर आणि स्तनपान करणाऱ्या स्त्रियांनीही स्वतःहून कुठलंही डाएट सुरू करू नये.

ताटात काय बदलायचं?

*तेल.* राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शनात २,००० कॅलरींच्या आहारासाठी दिवसाला सुमारे २७ ग्रॅम तेल-तूप धरलं आहे. चार माणसांच्या घरात तूप धरून महिन्याला साडेतीन लिटर झालं. किराणा यादीतला तेलाचा आकडा पाहिला की बरंच काही कळतं.

*साखर.* दिवसाला चार कप चहा आणि प्रत्येकात दोन चमचे साखर म्हणजे ४० ग्रॅम, सुमारे १६० कॅलरी. चमचा अर्ध्यावर आणणं हे दुसऱ्या कुठल्याही डाएटपेक्षा सोपं आहे. गूळ आणि मध घातले तरी कॅलरी जवळपास तेवढ्याच. सकाळच्या लिंबू-मध पाण्याने चरबी वितळत नाही.

*भाकरी आणि भात.* भाकरीने वजन आपोआप उतरत नाही. ज्वारी-नाचणीच्या पिठात गव्हाइतक्याच कॅलरी असतात. भाकरीचा फायदा असा की तिला तेल लागत नाही आणि ती पोटभरीची होते. भातही शत्रू नाही, फक्त तो मोजून घ्यावा. ताटाचा निम्मा भाग भाजी-कोशिंबीर, पाव भाग भाकरी, पोळी किंवा भात आणि पाव भाग डाळ-उसळ असा अंदाज पुरतो.

*प्रथिनं.* पातळ आमटीच्या वाटीत डाळ थोडी आणि पाणी जास्त असतं. भारतीयांसाठीच्या शिफारशीनुसार वजनाच्या दर किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. ७५ किलोच्या माणसाला सुमारे ६२ ग्रॅम. घट्ट वरण, मटकी-हुलग्याची उसळ, दही-ताक, अंडी, मासे, चिकन यांतून ती मिळतात. प्रथिनांनी पोट भरल्यासारखं राहतं आणि वजन उतरताना स्नायू टिकतात.

*फरसाण आणि चकणा.* मूठभर फरसाण म्हणजे ५० ग्रॅम, म्हणजेच अडीचशेच्या वर कॅलरी. व्हिस्कीच्या ६० मिलीलिटरच्या पेगच्या साधारण १४०. सोबतचा चकणा वेगळा.

खाण्यातून रोज ३०० कॅलरी कमी आणि पाऊण तास भरभर चालण्यातून २०० खर्च झाल्या, तर सुरुवातीला आठवड्याला साधारण पाऊण ते अर्धा किलोच्या मधली नाही, तर अर्धा किलोच्या आतली घट होते. पुढे वेग मंदावतो आणि तसं होणं नैसर्गिक आहे.

व्यायाम किती आणि कोणता?

जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम आणि किमान दोन दिवस ताकदीचा व्यायाम सुचवते. भरभर चालताना बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये, तो मध्यम वेग. ताकदीसाठी जिमच हवी असं नाही. बैठका, जोर, भिंतीला टेकून केलेले जोर, पाण्याच्या बाटल्या उचलणं चालतं. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी ज्यांचा हयातभर प्रचार केला ते सूर्यनमस्कारही यात बसतात.

काटा हलला नाही तरी हे वाया जात नाही. चेन्नईत मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ५३१ जणांवर झालेल्या आणि २००६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आहार-व्यायाम पाळणाऱ्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण २८.५ टक्क्यांनी घटलं, तेही वजन फारसं न उतरता.

मग गडाचं काय?

गड चढावाच, पण तयारीने. आठवडाभर बसून एकदम चोर दरवाजाची खडी चढण अंगावर घेणं चाळिशीपुढच्या, रक्तदाब किंवा मधुमेह असलेल्या माणसाला जोखमीचं आहे. आधी सहा-आठ आठवडे रोज चालणं आणि जिने चढणं करावं, डॉक्टरांकडून एकदा तपासून घ्यावं. चढताना छातीत दाब, जबड्यात किंवा हातात कळ, गरगरणं जाणवलं तर तिथेच थांबावं आणि मदत मागावी. 'थोडंच राहिलंय' म्हणून पुढे जाऊ नये. उतरल्यावर ताक आणि पिठलं-भाकरी पोटभर खावी, वडापाव आणि थंड पेय त्यावर चढवू नये.

वजन ८० किलो असेल तर ४ ते ८ किलो उतरल्यावरही साखर, रक्तदाब आणि यकृतातली चरबी यांत फरक दिसतो. त्यासाठी सपाट पोट लागत नाही. आज टेपने माप घेऊन कॅलेंडरवर लिहावं आणि दर महिन्याच्या त्याच तारखेला पुन्हा मोजावं. तीन महिन्यांत घेर दोन-तीन सेंटीमीटर कमी झाला तर वाट बरोबर आहे. काहीही न करता पोट झपाट्याने वाढत असेल, पायांवर सूज असेल किंवा पाळी बिघडली असेल तर डाएटच्या आधी दवाखाना गाठावा.