‘ओल्ड नंबर वन’: मूळ भाग की अखंड इतिहास?

जुन्या मोटारीची अस्सलता कशावर ठरते, हा प्रश्न १९९० मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयापुढे आला. बेंटलेच्या ‘ओल्ड नंबर वन’ने १९२९ व १९३० मध्ये ल मान्सची शर्यत जिंकली होती. पुढे तिचे ६.५ लिटरचे इंजिन जाऊन ८ लिटरचे आले. चॅसी व बॉडीही बदलली. १ कोटी पौंडांचा व्यवहार ठरल्यावर खरेदीदाराने तिच्या अस्सलतेलाच आव्हान दिले. मूळ भाग अत्यल्प उरल्याचे न्यायमूर्ती ऑटन यांनी मान्य केले. तथापि मोटारीचे अस्तित्व कोठेही खंडित झाले नसल्याने ती अस्सल ठरवली. तात्पर्य, प्रमाणपत्रासाठी केवळ चॅसी व इंजिनचे क्रमांक टिपणे अपुरे आहे. कोणता भाग केव्हा व का बदलला, याची सलग नोंद हाही तितकाच महत्त्वाचा पुरावा होय.