पोस्टग्रेसक्यूएल
मुक्त स्रोत संबंधात्मक डेटाबेस प्रणाली. बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात मायकेल स्टोनब्रेकर यांनी ‘इन्ग्रेस’ या आपल्या आधीच्या डेटाबेस प्रणालीनंतर १९८६ मध्ये तिची उभारणी सुरू केली. तिच्या दीर्घायुष्याचे श्रेय सहसा मूळ रचनेला दिले जाते. वापरणाऱ्याला नवे डेटाप्रकार घडवता येतात, हे खरेच. नकाशांच्या कामाचे ‘पोस्टजीआयएस’ त्याच बळावर उभे आहे. पण तेवढ्याने भागले नसते, कारण आवृत्ती ४.२ नंतर विद्यापीठाने प्रकल्प गुंडाळलाच होता. १९९४ मध्ये अँड्र्यू यू आणि जॉली चेन यांनी ‘पोस्टक्वेल’ ही तिची खास प्रश्नभाषा काढून रूढ एसक्यूएल बसवली, तेव्हा ती प्रयोगशाळेबाहेर पडली. परवाना उदार असल्याने पुढची धुरा स्वयंसेवकांना उचलता आली. आजचे नाव १९९६ चे. मालकी कोणत्याही एका कंपनीची नाही.