पॉसिडॉन

ग्रीक पुराणकथांतील समुद्रदेव. क्रोनस व ऱ्हिया यांचा पुत्र, झ्यूस व हेडीझ यांचा भाऊ. चिठ्ठ्या टाकून झालेल्या वाटणीत त्याला समुद्र मिळाला. त्रिशूळ हे त्याचे आयुध. तो आपटताच धरणीकंप होतो, अशी समजूत होती. घोड्यांचाही तो देव. रोमनांनी त्याला नेपच्यून मानले.

कोल्हापुरात, पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर, त्याची छोटी कांस्यमूर्ती सापडली. दाढीधारी, विवस्त्र देव ऐटीत उभा आहे. हातातला त्रिशूळ मात्र हरवला आहे. सोबत कांस्याची रोमन भांडीही मिळाली. सातवाहनकालीन दख्खनच्या सागरी व्यापाराचा इतका बोलका पुरावा क्वचितच आढळतो. 1945–46 मध्ये डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलियांनी मो. गं. दीक्षितांसह तेथे उत्खनन केले. ही मूर्ती कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात आहे.