शिसव म्हणजे कुठलं झाड?

बिबवेवाडीत शेतं होती तेव्हा काळंभोर, तुकतुकीत पोर दिसलं की बाया म्हणायच्या, "अगदी शिसवी हाय गं!" म्हणजे शिसव आम्हाला आधी रंग म्हणून कळला, झाड म्हणून मागनं.

सह्याद्रीतल्या शिसवाचा गाभा जांभळट काळा. इंग्रजी अमदानीत मुंबईत कोरीव 'ब्लॅकवुड' फर्निचर झालं, ते याचंच. उत्तरेतला शिसम त्याचा चुलतभाऊ. नदीकाठी वाढतो, लाकूड तपकिरी. रामायणात सीता ज्या शिंशपेखाली बसली, ती बहुतेक जाणकार शिसमच मानतात. नावं जवळची, म्हणून बाजारात दोन्ही एकच होतात.

त्यातच मी फसलो. थोरल्याच्या लग्नात शिसवी पलंग करायचा म्हणून 'शिसव' सांगून दिलेली रोपं बांधावर लावली. पंचवीस वर्षांनी झाड पाडलं, तर सुतार म्हणाला, "दादा, हा शिसम. शिसव नव्हं." पलंग झाला, मजबूतही झाला, पण तपकिरी.

आता रोप घेताना मी नाव विचारत नाही, पान बघतो. शिसवाचं पान टोकाला बोथट, शिसमाचं टोकदार. नाव फसवतं, पान नाही.