गोवा बाल कायदा, २००३

मुलांवरील अत्याचार, लैंगिक शोषण आणि मुलांची खरेदी-विक्री रोखण्यासाठी गोवा विधानसभेने २००३ साली संमत केलेला राज्य कायदा. साधारणपणे १८ वर्षे पूर्ण न झालेली व्यक्ती या कायद्यानुसार मूल ठरते. बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा केंद्रीय कायदा, म्हणजे पॉक्सो, २०१२ साली आला. गोव्याचा कायदा त्याच्या नऊ वर्षे आधीचा आहे. अत्याचाराच्या जागेचा मालक, त्याची छायाचित्रे धुणारा स्टुडिओवाला, मुलाला घेऊन जाणाऱ्या प्रवाशाला पाहणारा पोलीस अशा आजूबाजूच्या माणसांवरही त्याने कर्तव्य टाकले. भारतीय बालहक्कांच्या इतिहासात त्याला महत्त्व आहे ते मुख्यतः यामुळे.

कायद्यामागे मडगावचे एक प्रकरण होते. मडगावजवळ फातोर्डा येथे फ्रेडी पीट्स हा स्वतःला डॉक्टर म्हणवणारा इसम ‘गुरुकुल’ नावाचे अनाथाश्रमवजा वसतिगृह चालवत असे. परिसरात त्याला मान होता. गरीब घरची आणि निराधार मुले त्याच्या हवाली होती. १९९१ साली त्याला अटक झाली, तेव्हा घरातून मुलांची दोन हजारांहून अधिक अश्लील छायाचित्रे व निगेटिव्ह सापडली. मुलांना परदेशी पर्यटकांच्या स्वाधीन केले जात होते, हे तपासात उघड झाले. खटला रेंगाळू नये म्हणून मुंबईच्या पत्रकार व कार्यकर्त्या शीला बरसे यांनी चिकाटीने पाठपुरावा केला. मार्च १९९६ मध्ये मडगावच्या सत्र न्यायालयाने पीट्सला जन्मठेप दिली आणि शिक्षा भोगत असतानाच तो मरण पावला. त्याचे परदेशी साथीदार वेगवेगळ्या देशांत पांगले होते. त्यांपैकी एका ब्रिटिश आरोपीचे प्रत्यार्पण ब्रिटनच्या न्यायालयाने त्याच्या स्मृतिभ्रंशाच्या कारणावरून नाकारले. लहानपणी ज्यांच्यावर अत्याचार झाले, ती मुले तोवर प्रौढ झाली होती. त्यांच्या दृष्टीने हा निकाल फार कठोर होता.

एवढी छायाचित्रे काढली गेली, मुले हॉटेलांतून आली-गेली, आश्रमाला मदत मिळत राहिली, आणि तरीही वर्षानुवर्षे कोणी तक्रार केली नाही. गोव्यातील स्वयंसेवी संस्थांनी नेमका हाच प्रश्न लावून धरला. निष्ठा देसाई यांनी पर्यटनाच्या आडून होणाऱ्या बालशोषणावर २००१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाने त्या चर्चेला आधार दिला.

त्या काळचा फौजदारी कायदा तोकडा होता. भारतीय दंडसंहितेतील बलात्काराची व्याख्या फक्त स्त्रीला लागू होती आणि तीही संभोगापुरती. मुलग्यांसाठी ‘निसर्गक्रमाविरुद्धच्या’ संभोगाचे कलम ३७७ तेवढे हाताशी होते. मुलाला नग्न करून छायाचित्र काढणे किंवा त्याच्याकडून लैंगिक कृती करवून घेणे, यांना मुलाविरुद्धचा अपराध म्हणून स्वतंत्र नावच नव्हते. या उणिवेची झळ मुंबईतही बसली. कुलाबा, कफ परेड आणि मुरुड येथे ‘अँकरेज’ नावाची निवारागृहे चालवणाऱ्या दोन ब्रिटिश नागरिकांना सत्र न्यायालयाने २००६ साली दोषी ठरवले, मुंबई उच्च न्यायालयाने २००८ साली निर्दोष सोडले आणि सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०११ मध्ये शिक्षा पुन्हा कायम केली. तिथेही मुख्य भिस्त कलम ३७७वरच होती.

गोव्याच्या कायद्याने प्रथम अपराधांना नावे दिली. लैंगिक हल्ला, गंभीर लैंगिक हल्ला आणि नातेवाइकाकडून होणारे शोषण अशी वर्गवारी त्यात आहे. ‘बाल अत्याचार’ या व्याख्येत शारीरिक, मानसिक व भावनिक छळ येतो. मूल मुलगा की मुलगी, हा भेद उरला नाही. शाळांमध्ये मारण्याच्या शिक्षेवर सरसकट बंदी आली.

हॉटेलच्या आवारातील मुलांच्या सुरक्षिततेची जबाबदारी मालक व व्यवस्थापकावर आहे. ज्या खोलीत मूल कुटुंबासोबत किंवा नातेवाइकांसोबत राहत असल्याची नोंद नाही, त्या खोलीत त्याला प्रवेश देता येत नाही. शाळेच्या सहलीसारखे अपवाद वेगळे. ही जबाबदारी हॉटेललगतच्या किनाऱ्यापर्यंत जाते. कळंगुट-बागाच्या वाळूवर मणी-माळा विकत फिरणाऱ्या परप्रांतीय मुलांना डोळ्यांसमोर ठेवल्यावाचून अशी तरतूद सुचली नसती. फिल्म धुताना मुलांची अश्लील दृश्ये आढळली, तर पोलिसांना कळवणे स्टुडिओचालकाला बंधनकारक आहे. न कळवल्यास कैद होऊ शकते. विमानतळ, रेल्वे आणि सीमेवरील पोलिसांनी संशयास्पद परिस्थितीत मुलांसह प्रवास करणाऱ्या प्रौढांची माहिती द्यायची आहे.

मुलांविरुद्धच्या गुन्ह्यांसाठी पणजीत स्वतंत्र बाल न्यायालय स्थापन झाले. देशातील अशा पहिल्या न्यायालयांत त्याची गणना होते. बाधित व्यक्ती अल्पवयीन असेल, तर खुनासारखे खटलेही तिथे चालतात. हणजूणच्या किनाऱ्यावर २००८ साली मृतावस्थेत सापडलेल्या १५ वर्षांच्या ब्रिटिश मुलीचा खटला याच न्यायालयात चालला. आठ वर्षांनी, २०१६ साली, दोन्ही आरोपी सुटले. २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांपैकी एकाला दोषी ठरवले. वेगळे न्यायालय असले की न्याय लवकर मिळतो, असे या खटल्यावरून तरी म्हणता येत नाही.

पॉक्सो १४ नोव्हेंबर २०१२ रोजी अमलात आला. त्याच्या कलम २० मध्ये हॉटेल, लॉज, रुग्णालय, क्लब, स्टुडिओ यांनी मुलांच्या लैंगिक शोषणाची सामग्री आढळल्यास पोलिसांना कळवावे असे म्हटले आहे, आणि गोव्याच्या तरतुदींशी त्याचे साम्य सहज दिसते. कलम १९ प्रमाणे तर अपराधाची माहिती असलेल्या प्रत्येकाने ती कळवायची आहे. महाराष्ट्रात या कर्तव्याची तीव्र चर्चा झाली ती ऑगस्ट २०२४ मध्ये. बदलापूरच्या एका शाळेत शिशुवर्गातील दोन मुलींवर अत्याचार झाल्याचे समोर आले, संतप्त नागरिकांनी रेल्वे रोखली, मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि माहिती न कळवल्याबद्दल शाळेच्या व्यवस्थापनावरही गुन्हा नोंदला गेला. तोपर्यंत अनेक पालकांना आणि शिक्षकांनाही असे काही कलम आहे, याची कल्पना नव्हती.

गोव्याच्या कायद्याच्या मर्यादा दोन बाजूंनी जाणवतात. एकीकडे गोव्यातील चर्चा परदेशी पर्यटकाभोवती घुटमळत राहिली. केंद्र सरकारने १३ राज्यांतील १२,४४७ मुलांशी बोलून २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात निम्म्याहून अधिक, म्हणजे ५३ टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक अत्याचार सोसल्याचे सांगितले होते, आणि अत्याचार करणाऱ्यांत निम्मे जण ओळखीतले किंवा विश्वासातले होते. हॉटेलच्या नोंदवहीत नाते लिहून घेणारा नियम अशा माणसाला अडवू शकत नाही. दुसरीकडे ‘बाल अत्याचार’ ही व्याख्या इतकी सैल आहे की किरकोळ भांडणेही तिच्यात ओढली जाऊ लागली. शाळेच्या दप्तराने मुलाला मारल्याच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२५ साली, क्रौर्याचा हेतू नसलेली अशी एखादी साधी घटना या कलमाखाली येत नाही, असे स्पष्ट केले. हा खुलासा आवश्यक होता; मात्र त्याचा आधार घेऊन शाळांनी छडी पुन्हा हाती घेता कामा नये, कारण शिक्षेवरील बंदी त्याने सैल झालेली नाही.

फिल्म धुण्याचा धंदा आता जवळजवळ संपला आहे. छायाचित्रे फोनमधून थेट संकेतस्थळांवर जातात, त्यामुळे २००३ च्या स्टुडिओविषयक कलमाची पकड सुटली. २००९ पासून माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६७-ब अशा सामग्रीला लागू होते. २३ सप्टेंबर २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने असे चित्रण पाहणे व जवळ बाळगणे कोणत्या परिस्थितीत अपराध ठरते, हे सांगितले. समाजमाध्यमांच्या कंपन्यांनीही पॉक्सोप्रमाणे पोलिसांना कळवायला हवे, नाहीतर मध्यस्थ म्हणून मिळणारे कायद्याचे संरक्षण त्यांना मागता येणार नाही, असेही त्या निकालात आहे.